शितावरून भाताची परीक्षा: किंडलच्या फुकट नमुन्याचा हिशेब

रोज अर्धा तास वाचणाऱ्याची वर्षाला किती पुस्तकं होतात, हे गणित सोपं आहे. डेमी आकाराचं, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढं, मराठी पान नीट वाचायला दीड मिनिट धरा. अर्ध्या तासात वीस पानं झाली. गणपती-दिवाळी, लग्नसराई, आजारपणं आणि मुलांच्या परीक्षा यांत जाणारे दिवस वजा करून वर्षाचे ३०० दिवस हाती उरले, तर ६,००० पानं. पुस्तक सरासरी २४० पानांचं, म्हणजे वर्षाला पंचवीस पुस्तकं. आज चाळिशीत असाल तर पुढच्या तीस वर्षांत साडेसातशे. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रंथालयातली दोन-तीन कपाटं, बस्स.

याच हिशेबाने एक चुकीचं पुस्तक नेटाने शेवटपर्यंत रेटलं की बारा दिवस गेले. ‘पैसे दिलेत तर वाचून संपवू’ म्हणणारे बारा दिवसांची किंमत धरतच नाहीत.

ॲमेझॉनच्या किंडलवर (ई-पुस्तकं वाचायचं उपकरण आणि त्याचं ॲप) जवळपास प्रत्येक ई-पुस्तकाचा सुरुवातीचा साधारण दहा टक्के भाग फुकट वाचायला मिळतो. इथे परीक्षण आहे ते फक्त या सोयीचं, आणि ती मराठी वाचकाला पुस्तक निवडायला कितपत उपयोगी पडते याचं. पडदा, बॅटरी, वजन यांवर सगळीकडे भरपूर लिहून झालंय. निकाल आधीच सांगतो: नकार द्यायला ही सोय उत्तम, होकार द्यायला मध्यम आणि जुन्या मराठी पुस्तकांसाठी जवळजवळ निरुपयोगी. शिवाय तिच्यासाठी किंडल विकत घ्यायची गरज नाही. फोनवरच्या फुकट ॲपमध्ये हेच नमुने उघडतात.

दहा टक्के म्हणजे दहा नमुने मिळून एका पुस्तकाएवढी पानं. नऊ पुस्तकं नमुन्यावरच बाद केलीत आणि दहावं पसंत पडलं, तरी खर्ची पडलेला वेळ एका पुस्तकाचाच. आणि नमुना पूर्ण वाचायचीही सक्ती नाही, चौथ्या पानावर कंटाळा आला की तिथेच काम झालं. चुकीची निवड टाळायला याहून स्वस्त साधन सध्या तरी दिसत नाही.

नमुना मागवायची रीत सरळ आहे. ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर पुस्तकाचं पान उघडून आधी किंडल आवृत्ती निवडायची. किमतीच्या आसपासच फुकट नमुना पाठवायचं बटण असतं, आणि तो कुठे पाठवायचा, फोनवर की किंडलवर, ते ठरवता येतं. मुखपृष्ठाच्या जवळचं दुसरं बटण दाबलं तर नमुना तिथेच ब्राउझरमध्ये उघडतो. तोही चालेल, पण मग तो ऑफिसच्या चौदा उघड्या खिडक्यांमधली पंधरावी खिडकी होतो आणि वाचायचा राहून जातो. पाठवलेला नमुना उपकरणात पडून असतो, इंटरनेट नसतानाही उघडतो आणि ग्रंथसंग्रहाच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) ‘नमुने’ हा वेगळा प्रकार निवडला की सगळे एकत्र दिसतात. छापील आवृत्तीच्या पानावर जो नमुना दिसतो तो बऱ्याचदा किंडल आवृत्तीचाच असतो. त्यामुळे त्यावरून छापील पुस्तकाची मांडणी, अक्षराचा आकार किंवा चित्रांची छपाई ठरवू नका.

प्रत्यक्ष किंडलवर दुकान उघडलंत तर खरेदीचं आणि नमुन्याचं बटण शेजारी-शेजारी असतात. बोट घसरलं की खरेदी झालीच. अशी चुकून झालेली खरेदी सात दिवसांत परत करता येते, पण पुस्तक दहा टक्क्यांच्या पुढे वाचलेलं असेल तर ते एका बटणावर होत नाही, ग्राहकसेवेला सांगावं लागतं. फोनवर हा धोका कमी. अँड्रॉइडच्या ॲपमधून २०२२ पासून थेट खरेदी बंद आहे. पुस्तक घ्यायचं तर ब्राउझरमध्ये जाऊन घ्यावं लागतं. यावर लोकांनी बरीच नाकं मुरडली. निवडीच्या दृष्टीने मात्र ही अडचण फायद्याचीच आहे, कारण नमुना संपल्या-संपल्या मनाचा जो तोल गेलेला असतो, तो ब्राउझर उघडेपर्यंत सावरतो.

आता खरी गोम. नमुना कुठून मोजतात? पुस्तकाच्या अगदी पहिल्या पानापासून. आणि मराठी पुस्तकाची सुरुवात म्हणजे काय प्रकरण असतं हे वेगळं सांगायला नको. शीर्षकपान, हक्कांचं पान, त्याच लेखकाच्या इतर पुस्तकांची यादी, अर्पणपत्रिका, प्रकाशकाचे दोन शब्द, दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने, मनोगत, ऋणनिर्देश आणि मग एखाद्या ज्येष्ठ साहित्यिकाची प्रस्तावना. २४० पानी पुस्तकाचा नमुना २४ पानांचा. त्यातली पाच-सहा या किरकोळ पानांत गेली आणि प्रस्तावना बारा पानांची असली, तर मूळ लेखकाच्या वाट्याला सहा-सात पानं येतात. ९६ पानांच्या छोट्या पुस्तकाचं तर विचारूच नका. ऋणनिर्देशातल्या शेवटच्या वहिनींचे आभार मानून होतात न होतात, तोच नमुना संपतो.

यावर एक उपाय आहे. नमुना उघडल्यावर तो कुठे उघडला ते बघा. प्रकाशकाने ‘वाचन इथून सुरू’ अशी खूण नीट दिलेली असेल तर पुस्तक थेट पहिल्या प्रकरणावर उघडतं, मागची पानं नजरेआड राहतात. खूण दिलेली नसेल तर मुखपृष्ठावर. दोन्ही वेळा अनुक्रमणिकेवर जा आणि पहिलं प्रकरण उघडतंय का ते पाहा. नमुन्याबाहेरची प्रकरणं उघडणार नाहीत, पण त्यांची नावं वाचायला मिळतात. माहितीपर पुस्तकाबद्दल या नावांतून प्रस्तावनेपेक्षा जास्त कळतं. प्रकरणांची नावं ‘यशाची पहिली पायरी’, ‘यशाची दुसरी पायरी’ अशा थाटाची असली, तर पुढे वाचायची गरज उरत नाही.

प्रस्तावना मात्र सरसकट वगळू नका. इतिहास, समीक्षा, लोकसाहित्य अशा पुस्तकांत प्रस्तावनाकार अनेकदा पुस्तकाचा मुख्य मुद्दा दोन पानांत सांगून टाकतो, आणि पुस्तकाच्या उणिवाही, सभ्य भाषेत. ‘लेखकाने या विषयाला हात घातला हेच मोठं’ असं वाक्य भेटलं तर त्याचा अर्थ जाणकाराला कळतो.

हक्कांचं पान हे नमुन्यातलं सगळ्यात दुर्लक्षित आणि कामाचं पान. पहिली आवृत्ती कधीची, ही कितवी, आणि ही नवी आवृत्ती आहे की नुसतं पुनर्मुद्रण, हे तिथे कळतं. कादंबरीला याने फरक पडत नाही. कायदा, कर, शेअर बाजार, संगणक, आरोग्य या विषयांत मात्र सगळा फरक इथेच पडतो. भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. ‘सामान्य माणसासाठी कायदा’ छापाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका अजूनही जुन्या दंडविधानाच्या कलमांवर उभी असेल, तर मुखपृष्ठावर कितीही ‘नवी आवृत्ती’ लिहिलेलं असो, पुस्तक जुनंच आहे. प्राप्तिकराचंही तेच. १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली आणि तो १ एप्रिल २०२६ पासूनचा. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तीनशे रुपये आणि बारा दिवस दोन्ही वाचवते.

अनुवादित पुस्तकाच्या बाबतीत हा नमुना हुकमी आहे. एवढ्यासाठीसुद्धा ही सोय वापरावी. मूळ पुस्तक जगात गाजलेलं असतं, मुखपृष्ठावर प्रती खपल्याचे आकडे असतात, ओळखीतलं कुणीतरी इंग्रजीतून वाचून भारावलेलं असतं. मराठी अनुवाद वाचनीय आहे का, हे मात्र यातल्या कशावरूनच कळत नाही. ते कळतं पहिल्या प्रकरणाच्या तीन पानांवरून. ‘केले गेले’, ‘सांगितले जाते’, ‘च्या द्वारे’ यांची दाटी आहे का? क्रियापद येईपर्यंत चार ओळी लोटतात आणि तोवर कर्ता कोण होता ते विसरायला होतं का? एकाच माणसाचं नाव दोन पानांत दोन तऱ्हांनी लिहिलंय का? ‘तो तिच्या बोलण्याने आतून हलवला गेला’ असलं वाक्य एकदा आलं तर डुलकी समजू. तीन पानांत तीनदा आलं तर पुढच्या तीनशे पानांत सुधारणा व्हायची शक्यता नाही. रशियन, जपानी, स्पॅनिश अशा भाषांतलं पुस्तक असेल तर अनुवाद मुळातून केलाय की इंग्रजीवरून, तेही हक्कांच्या पानावर बघावं. इंग्रजीवरून केलेला असला म्हणून वाईट ठरत नाही, पण दोनदा गाळलेलं असल्याने भाषेची जास्त कसून तपासणी करावी लागते. इंग्रजी सहज वाचता येत असेल तर मूळ इंग्रजी पुस्तकाचा नमुनाही मागवा, तोही फुकटच आहे. पहिलं पान दोन्हीकडे वाचा. पाच मिनिटांत निकाल.

उलट काही पुस्तकांना हा नमुना साफ फसवतो. यशस्वी कसं व्हावं, सवयी कशा लावाव्यात, पैसा कसा वाढवावा या धर्तीच्या पुस्तकांत सगळी मेहनत पहिल्या प्रकरणावर घेतलेली असते. मुद्दाही तिथेच मांडून होतो आणि पुढे त्याच मुद्द्याचे किस्से. अशा पुस्तकाचा नमुना झकास वाटतो. पण नीट पाहिलं तर पुस्तकातलं घेण्यासारखं सगळं नमुन्यातच मिळालेलं असतं. नमुना वाचायचा, दोन ओळी वहीत टिपायच्या आणि पुढच्या पुस्तकाला लागायचं.

लोक पुस्तकं कुठवर वाचतात यावर अमेरिकी गणितज्ञ जॉर्डन एलनबर्ग यांनी २०१४ मध्ये एक गमतीदार मोजमाप काढलं होतं. किंडलवर वाचक ज्या ओळींवर सर्वाधिक खुणा करतात, त्या ओळी पुस्तकात सरासरी किती टक्क्यांवर येतात ते त्यांनी पाहिलं. स्टीफन हॉकिंग यांच्या काळाविषयीच्या प्रसिद्ध पुस्तकाचा आकडा ६.६ टक्के निघाला, तर थॉमस पिकेटी यांच्या भांडवलावरच्या ग्रंथाचा २.४. एलनबर्ग यांनी स्वतःच ते थट्टेवारी केलं होतं आणि त्यात एक ढोबळ दोष आहे: माहितीपर पुस्तकाचा लेखक सिद्धान्त सुरुवातीलाच मांडतो, तेव्हा खुणाही तिथेच पडणार. तरी लोकप्रिय इंग्रजी पुस्तक घेण्याआधी खुणा कुठे पडल्यात ते बघायला हरकत नाही. त्या पुस्तकभर विखुरलेल्या असतील तर लोकांनी ते संपवलंय एवढं तरी कळतं. मराठी पुस्तकांना हा उपाय लावू नये. खुणा करणारे इतके थोडे असतात की त्यावरून काही म्हणणं धाडसाचं.

कथासंग्रहाचा नमुना पहिल्या कथेच्या ऐन भरात तुटतो. वाचक चरफडतो, पण परीक्षा बरी होते, कारण संपादकाने सहसा चांगली कथा पुढे ठेवलेली असते. तीच पकड घेत नसेल तर पुढच्या घेतील अशी आशा नको. कवितासंग्रहाचं जमून जातं, सात-आठ कविता मिळतात. आठशे पानी ऐतिहासिक कादंबरीचा नमुना ऐंशी पानांचा असतो, म्हणजे चार दिवसांचं वाचन. तिथे पूर्ण नमुना वाचणं हाच अपव्यय. पंचवीस पानांत भाषा, संवाद आणि लेखकाने तपशिलाचा अभ्यास केलाय का हे कळून येतं. संदर्भग्रंथाची मदार असते मागच्या टिपा, संदर्भसूची आणि नामसूचीवर, आणि ते सगळं नमुन्याच्या बाहेर. त्यांच्यासाठी ग्रंथालयच गाठावं. दिवाळी अंकाच्या ई-आवृत्तीच्या नमुन्यात बहुधा संपादकीय आणि एखाद्या लेखाची सुरुवात, तेव्हा त्यावरून काही ठरवू नये.

मजकुराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मराठी अक्षरांची अवस्था. डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांची पुस्तकं आणली. त्याआधीची बहुतेक मराठी पुस्तकं श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या अक्षरसंचांत जुळवलेली होती. हा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाही. त्याची ई-आवृत्ती करताना तो रूपांतरित करावा लागतो, आणि रूपांतरानंतर कुणी बसून मुद्रितशोधन केलं नसेल तर ठरावीक जागी ठरावीक घाण राहते: रफार एक अक्षर पुढे किंवा मागे सरकतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, ‘दऱ्या’मधला ऱ्य भलत्याच रूपात येतो, जोडाक्षरं सुटी पडून मध्ये पाय मोडलेलं अक्षर दिसतं, आणि छापील ओळ तोडताना टाकलेली संयोगरेषा शब्दाच्या पोटात तशीच राहते. हे सगळं नमुन्याच्या पहिल्या पाच पानांत दिसतं. कादंबरी कितीही थोर असली तरी दर पानाला चार ठेचा लागणार असतील तर वाचनाचा वेग निम्म्यावर येतो, म्हणजे बारा दिवसांचे चोवीस. अशा वेळी पुस्तक बाद करू नका, ई-आवृत्ती बाद करा आणि छापील प्रत शोधा.

दुसरा प्रकार आणखी त्रासाचा. काही मराठी ई-पुस्तकं म्हणजे छापील पानांची नुसती चित्रं असतात. अक्षर मोठं करता येत नाही, शब्द शोधता येत नाही. सहा-सात इंची पडद्यावर डेमी पान आखडून बसवलं की डोळे ताणून वाचावं लागतं. नमुना उघडल्याबरोबर अक्षराचा आकार बदलून बघा. बदलला नाही तर पुस्तक फक्त टॅबलेटवर वाचण्याजोगं. ही एक चाचणी विकत घेण्याआधी न चुकता करावी, कारण पुस्तकाच्या पानावर ही गोष्ट ठळकपणे सांगितलेली सहसा नसते.

ॲमेझॉनवरचे तारे आणि अभिप्राय निवडीला किती कामाचे? मराठी पुस्तकांसाठी फारच थोडे. छापील आणि ई-आवृत्तीचे अभिप्राय एकाच ढिगात पडतात, त्यामुळे ‘कोपरा दुमडलेला आला’, ‘पाकीट फाटलं होतं’ यांनीही तारे खाली येतात. बारा जणांनी दिलेल्या साडेचार ताऱ्यांत लेखकाचे चार आप्त असू शकतात. वाचायचेच तर तीन तारेवाल्यांचे वाचा. त्यांना पुस्तक आवडलेलं असतं आणि खटकलेलंही, त्यामुळे ते कारण देतात.

किंडल अनलिमिटेड ही महिना १६९ रुपयांची वर्गणी पुष्कळ जण स्वस्तात भरपूर वाचायला घेतात. तसं घेतलं तर ती महाग पडते, कारण वेळ वर्षाला पंचवीस पुस्तकांचाच आहे आणि हवी ती पुस्तकं योजनेत असतीलच असं नाही. तिचा चांगला उपयोग वेगळाच: एका वेळी वीस पुस्तकं घेता येतात आणि ती पूर्ण उघडतात. म्हणजे मधलं पान काढून बघता येतं. शंभराव्या पानाच्या आसपास लेखकाचा सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो, आणि तिथेही मजकूर धरून ठेवत असेल तर पुस्तक खरं. नमुन्याने जे कधीच जमत नाही ते इथे जमतं. एक महिना वर्गणी भरायची, योजनेत असलेली मनातली वीसेक पुस्तकं मधूनच उघडून पारखायची, दोन-तीन वाचायची आणि वर्गणी बंद करायची. पुढचं नूतनीकरण आपोआप होतं, तेव्हा बंद करायची तारीख पंचांगात लिहा. या योजनेत लेखकाला पैसे वाचलेल्या पानांच्या हिशेबाने मिळतात. त्यामुळे दीडशे पानांचा ऐवज चारशे पानांत पसरवलेली स्वयंप्रकाशित पुस्तकं तिथे बरीच भेटतात. पानांचा आकडा बघून हुरळू नका.

नमुन्यांचा एक जुनाच रोग आहे, तो म्हणजे साठवण. उशाशी न वाचलेल्या पुस्तकांची चळत असायची, तिची जागा आता साठ नमुन्यांनी घेतली. फुकट आहे म्हणून मागवलेला नमुना तीन महिने पडून राहिला तर तो कुणी आणि का सुचवला होता तेही आठवत नाही. सहाच्या वर नमुने ठेवू नयेत. सातवा मागवायचा तर आधी एक वाचून निकाली काढायचा. नावावर बोट दाबून धरलं की काढून टाकायचा पर्याय येतो. बाद केलेल्या पुस्तकाचं नाव आणि एक शब्दाचं कारण कुठेतरी टिपून ठेवा: ‘अनुवाद’, ‘पाल्हाळ’, ‘जुनं’, ‘अक्षरं’. नाहीतर वर्षभराने तेच पुस्तक कुणीतरी पुन्हा सुचवतं आणि तोच नमुना पुन्हा वाचला जातो.

प्रत्यक्ष किंडलवर नमुना संपला की शेवटच्या पानावर खरेदीचं बटण येतं. त्या क्षणी विकत घेऊ नका. कथा ऐन रंगात तुटलेली असते आणि उत्सुकतेला आवड समजायची चूक होते. दोन दिवस जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी पुस्तकातलं एखादं पात्र, एखादा मुद्दा, एखादं वाक्य आपणहून आठवलं तर घ्या. रहस्यकथांना ही कसोटी विशेष लावावी. पुढे काय झालं याची हुरहुर दोन दिवसांत विरते.

आता मोठी उणीव. मराठीतली असंख्य पुस्तकं किंडलवर नाहीतच. नव्या पुस्तकांत अनुवादांचा भरणा बराच आहे, पण गेल्या शतकातलं काही शोधायला गेलात की बऱ्याचदा हात हलवत परत यावं लागतं. बुकगंगाच्या संकेतस्थळावर बऱ्याच छापील पुस्तकांची काही पानं चाळता येतात, आणि मराठीपुरता त्यांचा पसारा मोठा आहे. पण तिथेही पानं बहुधा सुरुवातीचीच, म्हणजे पुन्हा तो ऋणनिर्देश. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशनं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. हे तर पूर्ण पुस्तक. फक्त ती बहुतांशी छापील पानांच्या पीडीएफ आहेत. किंडलवर ईमेलने ५० एमबीपर्यंतची आणि संकेतस्थळावरून २०० एमबीपर्यंतची फाइल पाठवता येते, पण पानांच्या चित्रांची अक्षरं रूपांतर करूनही मोठी होत नाहीत. आडवं धरून वाचावं, किंवा सरळ टॅबलेटवर. ई-पुस्तकाची ईपब प्रकारची फाइल मिळाली तर प्रश्नच नाही, ती किंडल घेतं. जुन्या मोबी प्रकारच्या फाइली मात्र आता पाठवता येत नाहीत.

जुन्या पुस्तकांसाठी ग्रंथालयाला तोड नाही. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, आणि जिल्ह्या-तालुक्यांत सार्वजनिक वाचनालयं आहेतच. कपाटं खुली असतील तर पुस्तक मधूनच उघडा, मागची सूची बघा, आणि कुणीतरी पेन्सिलीने केलेल्या खुणा कुठवर पोचल्यात तेही. चिठ्ठीवर नाव लिहून पुस्तक मागवायची पद्धत असेल तर दोनच्या जागी चार नावं लिहा, काउंटरवर चाळा आणि दोन परत करा. ग्रंथपाल कुरकुरले तरी याला नाही सहसा म्हणत नाहीत. परतीची तारीख हीसुद्धा एक गाळणी आहे. ठरलेल्या मुदतीत ज्या पुस्तकाची तीस पानंही वाचून झाली नाहीत, ते मुदत वाढवून घरी ठेवू नका.

ऐकण्याची पुस्तकं हा वेगळा हिशेब, कारण तो वेळ मुळात वाचनाचा नसतोच. स्टोरीटेल हे ऐकण्याच्या पुस्तकांचं ॲप २०१७ पासून मराठीत आहे. अडीचशे पानी कादंबरी ऐकायला साडेसात-आठ तास लागतात. डोंबिवलीहून जलद लोकलने सीएसएमटीला जाणाऱ्याच्या चार दिवसांच्या जाण्या-येण्यात ती होते. तिथेही पंधरा मिनिटं ऐकून ठरवायचं, पण निकष बदलतो: पुस्तकापेक्षा वाचणाऱ्याचा आवाज आधी पारखा. तो खटकला तर पुढचे सात तास खटकणार. आकडे, नकाशे, वंशावळी असलेली पुस्तकं कानाने वाचू नयेत. चरित्रं, ललित आणि संवादप्रधान कादंबऱ्या तिकडे ढकलल्या तर डोळ्यांचे पंचवीस नग अवघड पुस्तकांना मोकळे राहतात.

राहता राहिलं उपकरण. २०२४ च्या किंडल पेपरव्हाइटचा पडदा सात इंची, वजन २११ ग्रॅम, भारतात किंमत सोळा-सतरा हजारांच्या घरात. कंपनी बारा आठवडे बॅटरीचा दावा करते, तोही रोज अर्धा तास, वायफाय बंद आणि दिवा मंद या अटींवर. साधं किंडल सहा इंची आणि १५८ ग्रॅमचं, पण पाण्यापासून संरक्षण नाही आणि पिवळसर प्रकाशाची सोय नाही. मराठी मजकूर सहा इंची पडद्यावर जरा मोठ्या अक्षरात लावला की एका छापील पानाचे दोन-अडीच पडदे होतात, म्हणून घ्यायचंच तर सात इंची. इंग्रजी पुस्तकांसाठी दिलेली अक्षरवळणं रोमन लिपीची असतात, ती मराठीला लागू होत नाहीत. तेव्हा दुकानात इंग्रजी पुस्तक उघडून दाखवलं तर मराठी उघडायला सांगा.

आधी फोनवर ॲप घ्या आणि एक महिना फक्त नमुने वाचा. त्यात वाचायला घ्यावीशी वाटलेल्या पुस्तकांपैकी किती किंडलवर, नीट अक्षरांत, मिळतात ते मोजा. दहांतली सहा-सात मिळत असतील, म्हणजे इंग्रजी आणि नवे अनुवाद जास्त वाचत असाल, तर उपकरणाचे पैसे वसूल होतील. दोन-तीनच मिळत असतील तर सतरा हजारांत ग्रंथालयाची वर्गणी, बुकगंगावरची खरेदी आणि वर एक चांगला टेबल-लॅम्प येतो. आणि नमुने तर फोनवर फुकट चालूच राहतात.